काटा, भाग पहिला

सतराव्या पानावर पहिला मुडदा पडला, तेव्हा काटेसाहेबांच्या लक्षात आलं की आपण भलतंच पुस्तक घरी आणलंय.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. बाजारातल्या दुकानांचे वजनकाटे तपासायचे, खऱ्या वजनांवर शिक्का मारायचा आणि खोटी जप्त करायची, ही त्यांची नोकरी; म्हणून बाजाराने ठेवलेलं नाव. वाचनालयाच्या कपाटात 'काटा : भाग पहिला' दिसलं आणि अखेर कोणीतरी आपल्या विषयावर लिहिलं, तेही भागाभागांत, म्हणून साहेब खूश झाले होते. निघालं ते काटे काढणाऱ्यांचं. सूर्य विझत चाललेल्या एका राज्यात सुपारी घेऊन माणसं मारणाऱ्यांचा संघ असतो, त्यांच्या सावल्या त्यांच्याआधी घरात शिरतात, वगैरे. असल्या भाकडकथा साहेबांनी शाळेतसुद्धा वाचल्या नव्हत्या. पुस्तक उद्याच परत करायचं ठरवून त्यांनी अठरावं पान उलटलं.

तो उद्या काही उजाडला नाही. कारण कथेतला मारेकरी खाणावळीत शिरला की तिथली बोलणी थांबायची. लोक हसून जागा द्यायचे आणि शेजारची खुर्ची रिकामी ठेवायचे. साहेबांना हे ऐकून माहीत नव्हतं, बसून माहीत होतं. बावीस वर्षं त्यांनी दुकानात पाऊल टाकलं की चालू विनोद अर्ध्यात गिळला जाई. पुढ्यात चहा येई, गप्पा येत नसत. बहिणीने एकदा त्यांच्यासाठी स्थळ आणलं, तर मुलीचा बाप कापडवाला निघाला, आणि त्याचा कापड मोजायचा आखूड गज साहेबांनी दोनच महिन्यांपूर्वी जप्त केलेला. पुढे बहिणीनेही नाद सोडला.

शेवटच्या पानावर मारेकऱ्याच्या दारावर आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी थाप मारतं. त्याखाली छापलं होतं : पहिला भाग समाप्त.

साहेब वाचनालयात जाऊन जवळजवळ भांडलेच. वाचनालय म्हणजे एक लांबट खोली, नऊ कपाटं आणि दारापाशी टेबलामागे म्हातारे ग्रंथपाल. वाचक म्हणाल तर वर्तमानपत्र चाळायला येणारे चौघे, तेही पंखा चालू असेल तरच. ग्रंथपालांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, की दुसरा भाग एका वाचकाकडे गेलाय. साहेबांचा नंबर त्यानंतर. किती दिवस लागतील, म्हणून साहेबांनी दरडावून विचारलं. तर म्हणाले, माणूस चवीने वाचणारा आहे, हवं तर चिठ्ठी द्या, पोचवतो.

साहेबांनी चिठ्ठी दिली : सदर पुस्तक मुदतीत परत करावे. पुढच्या शनिवारी उत्तर हातात पडलं, की मुदतीत उरकायला मी या पुस्तकाची सुपारी घेतलेली नाही. साहेबांनी ते रस्त्यात उभं राहून तीनदा वाचलं. बावीस वर्षांत त्यांची कोणी थट्टा केली नव्हती.

दुसऱ्या चिठ्ठीत त्यांनी विचारलं, दारावरची थाप कोणाची? उत्तर आलं, ते सांगितलं तर तुम्ही वाचणार काय, कपाळ? तुम्हाला कोण वाटतं ते लिहा. साहेबांनी दोन पानं भरून सिद्ध केलं, की शत्रूच असणार. त्यावर उत्तर आलं, की एकट्या माणसाला प्रत्येक थाप शत्रूचीच वाटते. सवयीचा दोष आहे, औषध नाही. असे पाच महिने गेले. दर शनिवारी एक चिठ्ठी द्यायची, एक न्यायची. बाजारातून फिरताना साहेब मनातल्या मनात उत्तरं जुळवू लागले. एकदा किलोचं पोकळ वजन हातात धरून ते चक्क हसले, तेव्हा दुकानदाराला दरदरून घाम फुटला.

मग एका शनिवारी साहेब आले, तेव्हा ग्रंथपाल बाहेर नळावर गेले होते. टेबलावर पुस्तकांची दाखल-वही उघडी होती. उघडी वही दिसली की तपासायची, ही साहेबांची खोड. 'काटा, भाग पहिला'ची नोंद सापडली. तिच्याखाली दुसरंच पुस्तक. साहेबांनी शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवलं. दुसरा भाग या वाचनालयात कधी आलेलाच नव्हता. ग्रंथपालांना त्यांनी आजवर फक्त शिक्का मारताना पाहिलं होतं, लिहिताना नाही. वहीतलं अक्षर मात्र चांगलंच ओळखीचं होतं. त्याच अक्षरातल्या वीस चिठ्ठ्या घरी उशाखाली होत्या.

ग्रंथपाल परतले आणि वहीवरचं बोट बघून दारातच थांबले. खोटं वजन सापडल्यावर दुकानदार उभे राहतात, अगदी तसे. चौघांपैकी त्या दिवशी एकही आलेला नव्हता. पंखा चालू होता.

"दुसरा भाग आमच्याकडे नाही, असं त्याच दिवशी सांगितलं असतं," ग्रंथपाल म्हणाले, "तर तुम्ही पुन्हा आला असता?"

साहेबांनी वही मिटली. खिशातून चारदा घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि टेबलावर त्यांच्यापुढे सरकवली.

"त्यांना म्हणावं, सावकाश वाचा," साहेब म्हणाले. "मला काही घाई नाही."