व्हॉल्व्ह तापेपर्यंत

बाबांनी घरभर बल्बसारख्या काचेच्या व्हॉल्व्हचे जुने ॲम्प्लिफायर जमवलेत. त्यातल्या लाडक्याला हात लावायची मुभा आईलाही नाही. लग्नाचं मनात धरून मी कुणाला घरी आणलं, की बाबा रेकॉर्ड ठेवून तोच सुरू करतात. व्हॉल्व्ह तापेपर्यंत आवाज येत नाही, हे मात्र सांगत नाहीत. पहिला म्हणाला, "काका, बिघडलाय वाटतं." दुसऱ्याने मोबाईल काढला. दोघेही नापास. तिसरा मला मनापासून हवा होता. "बस रे," म्हणत बाबांनी बटण दाबलं. सगळं चिडीचूप. तो उठला. संपलं, मला वाटलं. पण हलकेच पडदे ओढून तो ॲम्प्लिफायरसमोर मांडी घालून बसला. अंधारात चार काचांच्या पोटात निखारे हळूहळू फुलले. आमचे चेहरे तांबूस झाले. मग गायिकेचा आवाज उगवला, जणू ती शेजारीच उभी होती. बाबा बाजूला सरकले. "जावईबापू, आवाज तुम्ही वाढवा."