स्थळप्रत

अपग्रेडला वीस जीबी जागा हवी होती आणि अप्पांच्या जुन्या लॅपटॉपवर चारच उरली होती. अप्पांना जाऊन तीन महिने झाले होते, तरी हेमांगीचा हात त्यांचं काहीही पुसायला धजत नव्हता.

"एवढं साठवलंय तरी काय यांनी?" शेंगा सोलता सोलता आई म्हणाली.

हेमांगीने फोल्डर उघडले आणि तिला हसूच फुटलं. तेहेतीस वर्षं जिल्हा परिषदेत काढलेले अप्पा निवृत्त झाले होते. त्यांची सवय मात्र निवृत्त झाली नव्हती. प्रत्येक फोटो, प्रत्येक व्हिडिओ त्यांनी तीनदा ठेवला होता: मूळ प्रत, दफ्तरासाठी स्थळप्रत आणि एक प्रत माहितीसाठी. नातीचं बारसंसुद्धा माहितीसाठी सादर होतं.

म्हणजे दोन-दोन प्रती पुसल्या तरी अप्पांचं काहीच जाणार नव्हतं. हलक्या मनाने ती भराभर पुसत सुटली. प्रती सारख्याच आहेत ना, हे बघायला तिने मध्येच एक व्हिडिओ लावला. कॉटवर आई तोंड उघडं टाकून घोरत होती आणि अप्पा दबक्या आवाजात सांगत होते, "दुपारचे दोन दहा. इंजिन घाट चढत आहे."

"अगं बाई! तिन्ही पूस आधी!" आई ओरडली.

हेमांगीने तिन्ही निवडल्या.

"थांब. पुन्हा लाव जरा."

आईने शेवटपर्यंत ऐकलं. मग ताट पुढे ओढून ती पुन्हा शेंगा सोलू लागली.

"असू देत तिन्ही. एखादी हरवली तर?"