शेजारची जागा

सुनीतीने शाळेच्या फाटकाचा गज दोन्ही हातांनी पकडला होता. सुचित्राने एक हात सोडवला की दुसरा घट्ट व्हायचा. आत घंटा झाली.

"आई, घरी चल ना. मी घरीच अभ्यास करीन. शप्पथ."

वर्षभर ही पोर मुंबईच्या इस्पितळात होती. हाडाचा क्षय. वॉर्डातच बाई शिकवायला यायच्या. खाटेवरच पाटी, खाटेवरच पाढे. तेव्हा शाळा शाळा करून जीव खाल्ला होता तिने. खाडीपूल ओलांडून वाशीला घरी आली, तर आधी दप्तर भरून ठेवलं. आणि काल पहिला दिवस झाला, तर पांढरीफटक होऊन परतली. जेवली नाही. झोपेत दचकत राहिली.

पायाला हसली असतील मुलं, सुचित्राला वाटलं. त्या लोखंडी पट्ट्यांच्या बुटाला.  आज पोर आत गेली नाही, तर मग कधीच जाणार नाही.

सरोजिनीबाई वर्गातून धावत आल्या, तेव्हा तिने त्यांना तेच विचारलं.

"अहो सुनीतीच्या आई, हसतील कशाला? बुटाला हात लावायला रांग लागली होती! हिच्याशेजारी बसायला तर मारामारी. शेवटी मीच हिला पुतळा नावाच्या मुलीच्या बाकावर, तिच्या रिकाम्या जागेशेजारी बसवलं. गावठाणातली आहे, गरीब आहे पोर."

"ती कुठेय?" सुनीतीने एकदम विचारलं.

"पुतळा? अगं, काल सांगितलं ना. गावाला गेलीय ती."

सुनीतीचे दात वाजायला लागले. तिने आईच्या पदरात तोंड खुपसलं.

"बघ आई. इथेपण."

"इथेपण काय, बाळा?"

"इथेपण मुलं मरतात."

"अगं वेडे!" बाई घाबरून हसल्या. "तिच्या मावशीचं लग्न आहे, उरणला."

"शांतीच्या मावशीचंपण लग्न होतं," सुनीती पदरातूनच म्हणाली.

सुचित्राच्या अंगावर काटा आला. वॉर्डात शेजारची खाट सकाळी रिकामी दिसली, की सगळे 'गावाला गेलीय' हेच सांगायचे. सिस्टर हेच, शिकवणाऱ्या बाई हेच. पण शेजारच्या खाटेवरची शांती गेली, त्या सकाळी मावशीच्या लग्नाची थाप मारणारी ती स्वतः होती. सुनीतीने तेव्हा मुकाट्याने मान हलवली होती. पटलं पोरीला, असं वाटून सुचित्राने सुस्कारा सोडला होता.

आता पुतळा खरंच गावाला गेलीय, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

मुलीला धक्का बसेल असं काही बोलू नका, डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी सुचित्रा तिथेच मातीत खाली बसली. पोरीचा चेहरा हातांत घेतला. 

"शांती गावाला नव्हती गेली, सुनी. आई खोटं बोलली. शांती वारली."

"माहितेय मला."

"पुतळा मात्र गावाला गेलीय."

सुनीतीने आईकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. इस्पितळात इंजेक्शन हातात घेऊन येणाऱ्या सिस्टरकडे पाहायची, तसं.

मग तिने गज सोडला.

"बाई," ती म्हणाली, "पुतळा येईपर्यंत माझ्याशेजारी कुणाला बसवू नका."