मधे बोलायचं नाही

सुरतेतल्या भेस्तानच्या त्या खोलीत दुपारच्या वेळी चार बायका साड्यांचे ढीग मांडीवर घेऊन धागे कापत बसल्या होत्या. खोली शोभाबाईची. पडद्यामागे तिचा नवरा सुकदेव कापडाच्या लूमवर रातपाळी करून आडवा झाला होता, म्हणून सगळं बोलणं हळू आवाजात.

बायकांच्या संस्थेतून येऊन त्यांच्यात बसणाऱ्या चंचलबेननं नेम घालून दिला होता. एकीनं आपली कहाणी सांगायची, बाकीच्यांनी ऐकायची, मधे बोलायचं नाही. तिचं तरी काय चुकलं म्हणा! मागच्या खेपेला पुष्पाबाईनं तोंड उघडलं, तर धुरपदाबाईच्या हुंकाराचा प्रश्न झाला, प्रश्नाचा सल्ला झाला, आणि सल्ल्यावरून दोघींची अशी जुंपली की मन मोकळं करायला आलेल्या बायका तोंडं फिरवून घरी गेल्या.

आज पाळी शोभाबाईची. तिला योगिताबद्दल बोलायचं होतं. योगिता म्हणजे तिची लेक, सुरतेत प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षी धुळ्याकडच्या गावी तापानं गेलेली. खबर सुरतेला पोचली तेव्हा माती होऊन गेली होती. तेव्हापासून या घरात ते नाव निघालं नव्हतं. प्लेगात अख्खी गल्ली गाठोडी बांधून गावाकडे पळाली, ही दोघं मात्र कडी लावून इथंच बसली. सुकदेवनं कारण सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. न बोलण्याचाही शीण येतो हो माणसाला. शोभाबाई त्या शिणानं पार गळून गेली होती.

तिनं सुरुवात केली. घरचे मालक आधी एकटेच सुरतेला आले, मग तिला बोलावणं आलं. खोली एवढीशी, दोघांनी कामाला जायचं, तर पोरीला बघणार कोण? दिवाळीला घेऊन जाऊ म्हणून आजीजवळ ठेवली. निघायच्या दिवशी पोरगी आजीचं बोट धरून एसटीच्या फाट्यापर्यंत आली.

एवढं सांगून शोभाबाईनं मान वर केली. सगळ्या खाली बघून धागे कापत होत्या. कुणी हूं नाही की चूं नाही.

गावाकडे कहाणी सांगणारीला कुणीतरी हुंकार द्यावाच लागतो. तो थांबला की सांगणारी समजते, ऐकणारीला झोप लागली, नाहीतर तिला आपलं बोलणं पटलं नाही. या बिचाऱ्या नेम पाळत होत्या. धुरपदाबाईनं तर पदराचा बोळाच तोंडावर धरला होता. पण शोभाबाईच्या मनानं भलतंच घेतलं. पोर टाकून आलेली बाई, म्हणून या गप्प आहेत, असं तिला वाटलं.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "काय सांगायचं त्यात." आणि तिनं पुढची साडी ओढली.

चंचलबेननं काही बोलायला तोंड उघडलं आणि आपलाच नेम आठवून मिटलं.

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला.

"हूं."

कात्र्या थांबल्या. शोभाबाई पडद्याकडे बघत राहिली. त्या दिवशी सुकदेव इथं सुरतेत होता. फाट्यावर काय झालं ते तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं. मांडीवरची साडी तिनं बाजूला केली, बायकांकडे पाठ करून पडद्यासमोर सरकली, आणि घरच्या अहिराणी बोलीत म्हणाली, "गाडी उनी..."

गाडी आली, एवढंच बोलून तिनं पडद्याची कड धरली.

आत खाट वाजली. सुकदेव उठून बसला असावा.

"मंग?" तो म्हणाला. "योगी काय म्हननी?"