लॅपटॉपला ऊन लागलं

गेममधल्या ऐन लढाईत पियुषचा लॅपटॉप पुन्हा बंद पडला. स्क्रीन काळी झाली आणि त्या काळ्या काचेत त्याला स्वतःचं घामेजलेलं तोंड दिसलं. त्यानं लॅपटॉपच्या पोटाला हात लावला, तर तव्याचा बसावा तसा चटका बसला. तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून दुर्गेश होता, टीमचा कॅप्टन.

"हे शेवटचं, पियुष. तीनच्या मॅचला पुन्हा बंद पडलास, तर आम्ही दुसरा प्लेअर घेतो."

पियुषनं सगळं करून पाहिलं होतं. पंख्यातली धूळ ब्रशनं काढली, लॅपटॉप दोन डब्यांवर उचलून ठेवला, गेमची सेटिंग अगदी खाली आणली. पण मे महिन्यातलं नागपूर, त्यात डोक्यावर पत्रा. तिथं त्या बोटभर पंख्याचं काय चालणार? बारावीनंतर घरी बसून नुसता खेळतो म्हणून त्यानं अख्ख्या मोहल्ल्याचे टोमणे खाल्ले होते. आजची मॅच जिंकली तर टीममध्ये पक्की जागा होती, महिन्याला पगार होता. खेळायची का होईना, नोकरी होती.

"काहून गा, बंद पडला का?" खाटेवरून त्याच्या वडिलांनी विचारलं. प्रेमानंद ई-रिक्षा चालवायचे. सकाळी गाडी काढली होती, पण चक्कर येते म्हणून दुपारीच परत आले आणि शर्टही न काढता घरातल्या एकुलत्या कूलरसमोर आडवे झाले. उन्हाला भीक न घालणारा माणूस असा पडलेला पाहूनच काहीतरी कळायला हवं होतं. ते आल्यावर दुपारच्या कामावर जाताना माया, पियुषची आई, बजावून गेली होती, "बाबाले पानी देत राहजो. अन् कूलर हलवू नको."

"गरम होऊन राहिला, बाबा."

"म्हंजे लॅपटॉपले ऊन लागलं तुया. कांदा ठेव त्याच्यापाशी."

पियुष हसला नाही. खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, असं इथं सगळेच मानतात. माया रोज सकाळी नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात एक कांदा टाकायची. "कांद्यावर नाही, बायकोवर विश्वास आहे आपला," असं म्हणत प्रेमानंद तिची चेष्टा करायचे, आणि कांद्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचे नाहीत.

तीन वाजत आले. पियुषची नजर कूलरवर गेली.

"बाबा, एकच मॅच. कूलर इकडे फिरवू का?"

प्रेमानंदांनी जरा वेळ पत्र्याकडे पाहिलं. "फिरव ना. मले तं थंडीच वाजून राहिली."

हे वाक्य पियुषच्या सोयीचं होतं, म्हणून त्याला ते लगेच पटलं. त्यानं कूलरचं तोंड लॅपटॉपकडे वळवलं, कानांवर हेडफोन चढवला आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या तापमानाच्या आकड्याकडे पाहत बसला. आकडा उतरायला लागला. गेम सुरू झाला आणि चक्क चालत राहिला.

मॅच रंगात आली असताना त्याच्या खांद्यावर हात पडला. त्यानं मागे पाहिलं नाही. "दोन मिनिटं, बाबा. दोनच मिनिटं थांबा." हात थोडा वेळ तसाच राहिला. मग निघून गेला.

ते जिंकले. हेडफोनमध्ये दुर्गेश ओरडत होता, "आजपासून तू आमचा!" पियुष उडी मारून उठला. "बाबा, झालं! घेतलं मले!"

प्रेमानंद भिंतीकडे तोंड करून पडले होते. पियुषनं त्यांना हलवलं. अंग कोरडं ठाक होतं, घामाचा थेंब नव्हता, आणि लॅपटॉपच्या पोटासारखाच चटका बसला.

शेजारच्या लहानूनं आपल्या ऑटोत घालून त्यांना इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी बर्फ लावला, सलाईन लावलं, जे जे करायचं ते केलं. दिवस मावळताना प्रेमानंद गेले.

पियुष आईला एकच गोष्ट सांगत राहिला. "बाबा पानी मागाले आले होते, आई. त्यायनं खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, थांबा." मायानं त्याला शिवी दिली नाही आणि जवळही घेतलं नाही. ती नुसती त्याच्याकडे पाहत राहिली. ते पाहणं सहन होण्यासारखं नव्हतं.

सकाळी मयत घरी आणायची होती. खोली रिकामी करायला हवी होती. लहानूनं खाट बाहेर काढली. कूलरचं तोंड अजून टेबलाकडेच होतं. त्यानं लॅपटॉप उचलला आणि तसाच थांबला.

"हा कांदा इथं कोनं ठेवला गा?"

कांदा स्क्रीनच्या मागे होता, डब्याला टेकवून नीट ठेवलेला. खुर्चीत बसलेल्याला तो दिसला नसता. मागे उभं राहून त्याच्या खांद्याचा आधार घेत वाकलं, तरच तिथं हात पोचत होता.

मायानं तो हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. "मीच टाकला होता काल सकाळी, ह्यायच्या खिशात," ती म्हणाली.

पियुषचा हात आपोआप स्वतःच्या खांद्यावर गेला. बाबा पाणी मागायला उठले नव्हते.