ओला कुर्ता

मोहिनीनं कुर्ता पुन्हा पिळला तेव्हा त्यातून अजून पाणी गळत होतं, आणि घड्याळात सव्वासात झाले होते.

सव्वाआठला वीज जाणार. आठ चाळीसला सावद्याच्या स्टँडवरून जळगावची गाडी. अकराच्या आत दवाखान्यात हजर. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, युनिफॉर्ममध्येच या, नाही तर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावू. तीन वर्षांत पहिल्यांदाच नर्सची नोकरी हातातोंडाशी आली होती, आणि आजच पहाटे सासूबाईंनी तिचा एकुलता एक पांढरा कुर्ता बादलीत बुडवून ठेवला होता.

"मळला व्हता," बेबाबाई म्हणाल्या होत्या. बस, एवढंच.

मळला कसला? काल संध्याकाळीच तिनं तो कडक इस्त्री करून देवघराजवळच्या खुंटीला लावला होता. मुद्दाम तिथे. तिचा नवरा नवीन हा केळी कापणाऱ्या टोळीचा मुकादम, आणि केळीचा चीक म्हणजे महाबिलंदर. लागतो तेव्हा पाण्यासारखा, दिसतसुद्धा नाही. ऊन किंवा इस्त्रीची धग लागली की तपकिरी होऊन वर येतो आणि मग जन्मभर जात नाही. म्हणून नवीनच्या कपड्यांची दोरीसुद्धा तिनं वेगळी ठेवली होती. एवढं जपून शेवटी घरातूनच सुरुंग लागला.

तिनं गोधडी अंथरली, वर चादर टाकली. कुर्ता कोरड्या टॉवेलात गुंडाळून गुडघ्यांनी दाबला. हात पुसले, पायात रबरी चपला घातल्या. ओल्या फरशीवर अनवाणी इस्त्रीला हात लावायचा नाही, हे धुळ्याला माहेरी आईनं शिकवलं होतं. कुर्ता उलटा केला, वर पातळ पंचा पसरला. ओल्या टेरीकॉटवर इस्त्री घासली की नको ती चकाकी येते, कापडही ताणलं जातं. घासायची नाही. ठेवायची, दाबायची, उचलायची. वाफ जाऊ द्यायची, की पुन्हा ठेवायची. जीव मुठीत धरून ती तेच करत राहिली.

बेबाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या, बाहेर पडायच्या एकुलत्या एक वाटेवर. त्यांची बोटं पाण्यानं सुरकुतली होती. मोरीशी पिळलेल्या लिंबांच्या सालींचा ढीग पडला होता. पहाटे उठून पितळेची भांडी घासत बसल्या असतील. दुसऱ्याचा दिवस बिघडवायचा आणि आपण कामाला लागायचं.

"नको फिरवू इस्तरी," त्या म्हणाल्या. "ओलाच घाल. गाडीत वाऱ्यानं वाळून जाईन."

"ओल्या कपड्यात जाऊ? पहिल्याच दिवशी?"

"जाय म्हनते ना. तुले कोन पाह्यते."

मोहिनीनं इस्त्री पुन्हा पंच्यावर ठेवली. तोंड उघडलं असतं तर तीन वर्षांचं सगळं बाहेर आलं असतं. पहिल्या वर्षी मुलाखतीच्या दिवशी नवीनचा फोन आला, आईच्या छातीत दुखतंय. ती भुसावळहून माघारी फिरली. घरी येऊन पाहते तर बेबाबाई गहू निवडत होत्या. दुसऱ्या वर्षी बोलावण्याचं पत्र आठ दिवस घरातच पडून राहिलं. आईनं दाबून ठेवलं, असं बिचाऱ्या नवीननंच तिला खाल मानेनं सांगितलं. त्याचाच काय तो आधार. नाही तर या घरात तिचा जीव केव्हाच गुदमरला असता.

नवीन चहाची बशी घेऊन आला आणि तिच्याजवळ उकिडवा बसला.

"आईनं भिजवला?"

"हो."

"राहू दे मग. पुढच्या वेळी बघू. मी आहे ना."

"नाही. आज मी जाणारच."

मग त्यानं इस्त्रीचं बटण शेवटच्या खुणेपर्यंत फिरवलं. "मग नीट गरम तरी कर. पटकन वाळेल."

"अहो, जळेल ना." तिनं बटण परत मागे आणलं.

"साडेनऊ बोटांच्या माणसाचं ऐकतं कोण," तो हसून म्हणाला. लहानपणी कडबाकुट्टीत त्याचं उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट निम्मं गेलं होतं. त्यावर तो स्वतःच असे विनोद करायचा. पहिल्या भेटीत ती भाळली होती ती यावरच.

"मी मोटारसायकल काढतो. स्टँडवर सोडतो तुला."

तो बाहेर गेला. बेबाबाई त्याला वाट द्यायला सरकल्या, पण लेकाकडे त्यांनी मान वर करून पाहिलं नाही.

बाह्या झाल्या. पाठ झाली. आठला दहा कमी असताना तिनं पुढची बाजू घेतली. पंच्याखालून वाफ यायची हळूहळू थांबली. हात लावून पाहिलं, कोरडा. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. जमलं होतं. या घराला पुरून उरली होती ती.

तिनं इस्त्री बंद केली, पिन काढली. वळून पाहते तर बेबाबाई मागेच उभ्या. एका हातात मोहिनीची पिशवी, दुसऱ्या हातात स्वतःची पांढरी शाल.

"ही घे. अंगभर घे. घरी येईपावतर काढू नको."

"या उन्हात शाल? कशाला?"

बेबाबाईंनी खाली पाहिलं. "आता जाय पोरी. तशीच जाय."

आता ही कसली नवी युक्ती, मोहिनीच्या मनात आलं. शाल तिनं घेतली नाही. बाहेर नवीननं हॉर्न वाजवला, एकदा, मग आणखी एकदा.

"आले," म्हणत तिनं कुर्ता उचलला, झटकला आणि सुलटा केला.

छातीवर तपकिरी पंजा उमटला होता. चार बोटं पूर्ण होती. अंगठ्याशेजारचं अर्धंच.