तळावरची तारीख

मशीनकाकूंना कॅमेऱ्यासमोर एकच वाक्य बोलायचं होतं : "हे मशीन आता संपलं." दिग्दर्शिकेने खूण केली आणि काकूंनी बोलण्याआधी, हाताला सवयच म्हणून, मशीन आडवं केलं.

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्यांची एक जुनी रीत आहे. काम झालं की मशीनच्या तळाला, आतल्या बाजूला, तारीख आणि काय केलं ते टोच्याने कोरून ठेवायचं. पुढच्या कारागिराला चाचपडावं लागत नाही. या तळावर काकूंचंच अक्षर होतं. तीन महिन्यांपूर्वीची तारीख, आणि पुढे : 'शटल बदललं. चालू.'

काकूंना सगळं आठवलं. गरजू बायकांना जुनी मशीनं वाटणाऱ्या एका संस्थेसाठी त्यांनी पाच हातमशीनं फुकट दुरुस्त करून दिली होती. त्या संस्थेच्या यादीत त्यांच्या भाचीचंही नाव होतं. नवरा गेल्यापासून ती पोरगी लोकांचे कपडे हातशिलाईने शिवून देत होती, बोटांची नुसती चाळण झाली होती. आठ महिने ती वाट पाहत होती. मागच्याच आठवड्यात संस्थेने तिला कळवलं, मशीन एकही शिल्लक नाही.

शिल्लक कशी असणार? एक इथे टेबलावर होतं. बाकीची चार मागच्या फळीवर, पोटात बल्ब घेऊन, पिवळी पिवळी उजळत बसली होती.

चित्रपट होता टाकाऊ वस्तूंना दुसरा जन्म देणाऱ्या डिझायनरांवर, आणि इथला डिझायनर जुन्या शिवणयंत्रांचे दिवे करायचा. फोटो, आवाज, मजकूर, सगळं एकत्र करून जगाला दाखवायचं होतं. वस्तू फेकू नका, फिरवत ठेवा, असा त्याचा संदेश. आणि मशीन खरोखर मेलंय हे सांगायला एक जाणतं माणूस हवं, म्हणून काकूंना मानाने बोलावलं होतं. सकाळी निघताना काकू चांगली साडी नेसल्या होत्या, तिचा आता त्यांना राग आला.

"हे चालू आहे," काकू म्हणाल्या.

डिझायनर अजिबात गडबडला नाही. मेलेली मशीनं गंजलेली असतात, त्याने समजावलं, त्यांची सोनेरी वेलबुट्टी उडालेली असते, त्यांच्यावर उजेड खुलत नाही. संस्थेचं नाव चित्रपटात येणार म्हटल्यावर संस्थेने ही खुशीने दिली. आणि हातमशीन आता वापरतं तरी कोण?

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वापरतं कोण, हे त्यांनी भाचीच्या बोटांसकट सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. मग दिग्दर्शिका गोड आवाजात म्हणाली की काकूंना ते वाक्य जड जात असेल तर राहू दे, आवाज दुसऱ्या कुणाचा तरी घालता येईल. त्यांचे फक्त हात द्या. हात फार सुंदर आहेत, नखांतलं तेलसुद्धा.

चाळीस वर्षांत ज्या तोंडाने चालत्या मशीनला मेलेलं म्हटलं नव्हतं, ते तोंड यांना नकोच होतं.

काकू पिशवी उचलून निघाल्याच होत्या. तेवढ्यात डिझायनरने पक्कड घेतली आणि सुईच्या दांड्याला लावून हिसका द्यायला लागला. काकू परत फिरल्या.

"सोडा ते. मी खोलते."

पुढचा अर्धा तास कॅमेऱ्याने त्यांचे हात टिपले. आवाजवाल्याने स्क्रू फिरल्याचा आवाज घेतला. काकूंनी शटल काढलं, दाते काढले, दांडा काढला, प्रत्येक स्क्रू वेगळा ठेवला. हे सगळं कचऱ्याच्या डब्यात टाका, डिझायनर म्हणाला, आपल्याला फक्त सांगाडा लागतो. वस्तू फेकू नका म्हणणाऱ्याचंच हे बोलणं! काकूंनी ते सगळं रुमालात गुंडाळून पिशवीत सरकवलं. कुणी पाहिलंही नाही.

रिकाम्या भोकांतून वायर ओवली गेली. वीस मिनिटांत दिवा लागला. टाळ्या झाल्या. डिझायनरलाही कुठेतरी टोचत असावं, कारण त्याने हात जोडून विचारलं की आठवण म्हणून काकूंना काय देऊ.

"हाच दिवा द्या," काकू म्हणाल्या.

दिग्दर्शिकेचे डोळे भरून आले. चिडलेली बाई शेवटी दिव्याच्या प्रेमात पडली, याहून चांगला शेवट तिला कुठून मिळणार होता? काकू दिवा पोटाशी धरून दारातून बाहेर पडतात, रस्ता ओलांडतात, कोपऱ्यावर वळतात, इथपर्यंत त्यांनी चित्रण केलं. त्यावर घालायचं वाक्यही तिथल्या तिथे ठरलं : 'मेलेलं मशीन आज उजेड होऊन घरी निघालं.'

काकू कोपऱ्यावरून वळल्या त्या थेट भाचीच्या खोलीवर गेल्या. दिवा टेबलावर ठेवला, रुमाल सोडला. काही न विचारता भाची स्क्रू हातात देत गेली. उन्हं उतरेपर्यंत बल्ब खिडकीत जाऊन पडला होता आणि मशीनमध्ये दोरा ओवून झाला होता. भाचीने हँडल फिरवलं. टाका सरळ पडला. ती कापड पुढे सरकवत राहिली, थांबेचना.

"जरा थांब," काकू म्हणाल्या. त्यांनी मशीन आडवं केलं, टोच्या घेतला आणि जुन्या ओळीखाली आजची तारीख घातली. पुढे नीट, ठसठशीत अक्षरात कोरलं :

'आत दिवा अडकला होता. काढला. चालू.'